कासवाच्या पाठीवरचे पांढरे डाग, आणि कवच नेमके कसे धुवावे?

घोडबंदरकर (धागाकर्ती), ठाणे
६ जून

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी गेली चार वर्षे लाल कानाचे, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर जातीचे कासव आहे. माझ्या भावाची बदली झाली तेव्हा तो ते आमच्याकडे ठेवून गेला. माझ्या मुलाने त्याचे नाव ठमी ठेवले आणि आता ती घरातलीच एक झाली आहे. पाठीच्या कवचाची लांबी सुमारे १८ सेंटीमीटर आहे. आम्ही घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात अकराव्या मजल्यावर राहतो आणि उन्हाळ्यात आमच्याकडे बऱ्याचदा टँकरचे पाणी येते.

मे महिन्यापासून ठमीच्या पाठीवर पांढुरके डाग दिसू लागले. मी एका दुकानात विचारले तेव्हा तिथल्या माणसाने कवचाला लावायच्या चकाकीची बाटली दिली. ती लावल्यावर दोन दिवस कवच आरशासारखे चमकले, पण नंतर त्यावर धूळ आणि शेवाळ अधिकच चिकटून बसले. सासूबाईंनी खोबरेल तेल लावून पाहायला सांगितले, तेही मी दोनदा लावले. शेवटी वैतागून मी अंगाचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन तिला चांगली घासून काढली. त्यानंतर ती दिवसभर मान आत ओढून बसली आणि तिने काही खाल्ले नाही. तेव्हापासून मला फार वाईट वाटत आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हे डाग बुरशीचे आहेत की आणखी कशाचे? कवच धुवायचे तर कशाने, किती वेळा आणि किती जोर लावून? आणि पुढचे चार महिने पावसाचे आहेत, तर त्या काळात कोणती काळजी घ्यावी? ज्यांनी प्रत्यक्ष कासव सांभाळले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ऐरोलीची आई, नवी मुंबई
६ जून

ताई, सर्वांत आधी तेल बंद करा. आमच्याकडेही हाच सल्ला मिळाला होता आणि तो प्रेमानेच दिलेला होता. आपल्याकडे केसांपासून दरवाजाच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल लागते, त्यामुळे कोरडे दिसणारे कवचही तेल मागत असावे असे वाटणे साहजिक आहे. परंतु तेलाचा थर बसला की त्यात घाण आणि जंतू अडकतात, शिवाय तो थर कवच आणि ऊन यांच्या मध्ये येतो. पाण्यात राहणाऱ्या कासवाच्या अंगावरचे तेल टाकीच्या पाण्यावरही तवंग धरते. व्हॅसलीन, ऑलिव्ह तेल, चकाकीची बाटली, नेलपॉलिश, रंग या सगळ्यांना हेच लागू आहे.

कोलशेतचा कासववाला, ठाणे
७ जून

मी अकरा वर्षे स्लायडर सांभाळतो आहे आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत तुमच्यापेक्षा मोठ्या चुका केल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कवच म्हणजे कासवाने पाठीवर घेतलेले घर, असे आपण लहानपणापासून चित्रांत पाहतो आणि त्यातूनच बहुतेक चुका होतात. कवच हे कासवाचे शरीरच आहे. त्याचा पाठीचा कणा आणि फासळ्या कवचाच्या हाडांशी एकजीव झालेल्या असतात, आणि इतर प्राण्यांत फासळ्यांच्या बाहेर असणारे खांद्याचे हाड कासवात फासळ्यांच्या आत असते. या हाडांवर केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्या पदार्थाची बनतात त्याच पदार्थाचे खवले असतात. ठमीच्या पाठीवर मोजून पाहा. मधोमध पाच, त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार, कडेने बारा-बारा आणि मानेच्या वर एक छोटा, असे एकूण ३८ खवले दिसतील. खवल्यांच्या खाली जिवंत पेशींचा पातळ थर आहे, त्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत. त्यामुळे तुम्ही ब्रश फिरवता तेव्हा ते तिला कळते. आपल्या नखाच्या मुळाशी कोणी तारेची घासणी फिरवली तर जे होईल, तेच जोरात घासल्यावर तिला होते.

आता डागांविषयी. स्लायडरच्या पाठीवर पांढरे दिसणाऱ्या चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी ओळख पटवणे महत्त्वाचे आहे.

टँकरचे किंवा बोअरचे पाणी जड असले तर त्यातले क्षार कवचावर बसतात. तुमच्या न्हाणीघरातल्या नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या आतल्या बाजूला जी पांढरी पुटे धरतात, तीच ही. त्यांची खूण अशी की कवच ओले असताना डाग जवळजवळ दिसेनासे होतात आणि वाळल्यावर पुन्हा उमटतात. नख हलकेच फिरवल्यास खरखरीत लागते, पण खालचे कवच टणक असते आणि वास येत नाही.

दुसरी शक्यता कात टाकण्याची. पाण्यातली कासवे वाढताना जुने खवले एकेक करून सोडतात. सुटण्यापूर्वी खवल्याखाली हवा शिरते आणि तो भाग चंदेरी, धुरकट दिसतो. सुटून आलेला खवला मोबाइलच्या काचेवरून काढलेल्या पातळ पडद्यासारखा पारदर्शक असतो. हा खवला कधीही नखाने उचकटू नका. तो स्वतःहून पडतो, आणि ओढून काढला तर खालचा कोवळा थर उघडा पडून तिथे जंतुसंसर्ग होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन खवल्यांच्या मधल्या फिकट रेषा. ती नवी वाढ असते आणि ती घाण समजून घासणारे लोक मी पाहिले आहेत. ती रेष हा कवचाचा सर्वांत नाजूक भाग आहे.

चौथी गोष्ट खरी काळजीची, म्हणजे बुरशी किंवा कवच कुजणे. बुरशी कापसाच्या पुंजक्यासारखी दिसते आणि ओली केल्यावर नाहीशी होत नाही. कुजण्याच्या खुणा म्हणजे दाबल्यावर मऊ लागणारी जागा, खड्डा, घाण वास, खवल्याखालून येणारा स्राव, आणि पोटाकडच्या कवचावर पसरलेली गुलाबी किंवा लालसर छटा. ही लाली दिसली तर थांबू नका, कारण संसर्ग रक्तात पोहोचल्याची ती खूण असू शकते आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा लागतो.

तुम्ही उद्या इतकेच करा. तिला कोमट पाण्याने ओले करून दिवसाच्या उजेडात नीट पाहा, मग अर्धा तास कोरड्या जागी ठेवून पुन्हा पाहा आणि काय फरक पडतो ते इथे लिहा. पोटाची बाजूही अवश्य बघा, आणि तिथे खवल्यांवर बोटाने अगदी हलका दाब देऊन कुठे दबते का तेही तपासा.

घोडबंदरकर (धागाकर्ती), ठाणे
८ जून

इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. बहुतेक सगळे डाग ओले केल्यावर गेले आणि वाळल्यावर परत आले, म्हणजे ते क्षारांचेच असावेत. मागच्या बाजूचे दोन खवले मात्र ओले असतानाही चंदेरी दिसतात आणि त्यांच्या कडा किंचित उचललेल्या आहेत. पोटाची बाजू पिवळसर आहे, नेहमीच्या काळ्या ठिपक्यांसह. कुठे लाली नाही आणि कुठे दबत नाही. खवले मोजायला मुलगा बसला होता, त्याचेही ३८ भरले.

कळवेकर, ठाणे
८ जून

क्षारच असतील तर लिंबू किंवा व्हिनेगर पातळ करून लावल्यास लगेच निघतील असे वाटते. आमच्याकडे नळाची पुटे तशीच काढतात.

कोलशेतचा कासववाला, ठाणे
८ जून

कृपया तसे करू नये. नळ पितळेचा किंवा पोलादाचा असतो आणि त्याला जखम नसते. आम्ल ज्या कॅल्शियमच्या पुटांवर काम करते, त्याच कॅल्शियमची हाडे खवल्यांच्या खाली आहेत. ठमीचे दोन खवले सुटायला आले आहेत, त्यांच्या कडेतून आम्ल आत गेले तर तिला चुरचुरेल आणि इजा होईल. क्षारांचा पातळ थर दिसायला वाईट असला तरी कासवाला त्याने फारसा त्रास होत नाही, त्यामुळे तो एका दिवसात काढण्याची घाई नाही. थर जाड होऊ लागला तर त्यावर कात टाकणे अडते, म्हणून तो हळूहळू कमी करत राहायचे.

धुण्याची माझी पद्धत लिहितो. कासवासाठी एक वेगळा टब, वेगळा मऊ ब्रश आणि वेगळा पंचा ठेवावा. ब्रश लहान मुलांचा, अगदी मऊ केसांचा घ्यावा. वापरून केस कडक झालेला जुना ब्रश नको. टबात २८ ते ३० अंशांचे कोमट पाणी घ्यावे, म्हणजे मनगटावर घेतले तर गरमही लागत नाही आणि गारही. कासवाला दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधल्या भागाला धरून उचलावे, कारण एका हाताने धरलेले कासव पाय मारून निसटते आणि बहुतेक कवचे अशाच पडण्याने तडकतात. तिला दहा मिनिटे पाण्यात नुसते राहू द्यावे. शेवाळ आणि मळ त्यातच निम्मे सैल होतात. मग एकेका खवल्यावर मध्यापासून कडेकडे लहान गोल हात फिरवावा, आणि जोर इतकाच असावा की तोच ब्रश तुम्ही स्वतःच्या पापणीवर फिरवला तरी दुखणार नाही. फटींमध्ये ब्रश खुपसायचा नाही. पोटाची बाजू धुण्यासाठी कासवाला उलटे पाडून ठेवू नये. तिला हातात किंचित तिरके धरून काम होते. शेवटी स्वच्छ कोमट पाणी वरून ओतावे आणि पंच्याने टिपून घ्यावे.

साबण, भांड्यांचा साबण, फिनेल, जखमेवर लावायची पिवळी किंवा तपकिरी जंतुनाशके यांतले काहीही नेहमीच्या धुण्यात नको. फिनेलसारखी द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विषारी असतात. तुम्ही साबण एकदाच लावला आहे आणि नंतर धुतला आहे, तेव्हा त्याने मोठे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही. ती दिवसभर रुसली ते बहुधा घासण्याच्या जोरामुळे.

किती वेळा, याचे उत्तर ऐकून तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल. टाकीचे पाणी स्वच्छ असेल, गाळणयंत्र नीट चालत असेल आणि अंग सुकवायला कोरडा ओटा असेल, तर स्लायडरचे कवच ब्रशने धुण्याची गरज महिन्यातून एकदाही पडत नाही. माझ्याकडे गेल्या वर्षभरात मी फक्त चार वेळा ब्रश हातात घेतला. कवचावर पुन्हा पुन्हा शेवाळ धरत असेल तर उजेड फार वेळ पडतो आहे किंवा पाणी बदलायला उशीर होतो आहे, आणि तेवढे सुधारले की ब्रश बाजूला ठेवता येतो.

टँकरच्या पाण्याबद्दल: शक्य असेल तेव्हा टाकीसाठी महापालिकेचे पाणी साठवून ठेवा. त्यातला क्लोरीन उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्याने कमी होतो. ज्या दिवशी फक्त टँकरच असेल त्या दिवशी त्यात निम्मे शुद्ध केलेले पिण्याचे पाणी मिसळले तर क्षारांचे प्रमाण निम्म्यावर येते.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल. वय झालेले नर स्लायडर काळवंडतात. पिवळ्या रेषा पुसट होतात आणि सगळे कवच काजळी धरल्यासारखे दिसते. तो त्यांचा नैसर्गिक रंग आहे. माझ्या पहिल्या कासवाला मी तो काळेपणा जावा म्हणून कितीतरी रविवार घासले, आणि आज ते आठवले की स्वतःचाच राग येतो.

नेरुळचे आजोबा, नवी मुंबई
९ जून

धुण्याविषयी पुरेसे आले आहे, तेव्हा मी वाळवण्याविषयी आणि उन्हाविषयी लिहितो, कारण आपल्या भागात पावसाळ्यात कवच बिघडते ते बहुधा न वाळल्यामुळे.

ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की आपले कपडेही दोन दिवस वाळत नाहीत. त्या दिवसांत ओटा सतत ओला राहिला तर पोटाकडचे कवच चोवीस तास दमट राहते आणि तिथेच कूज सुरू होते. म्हणून ओट्यावर उष्णता देणारा दिवा हवा, ज्याच्याखाली सुमारे ३२ ते ३५ अंश तापमान राहील. कासव तिथे चढून पाय ताणून बसते आणि पूर्ण कोरडे होते. धुणेही सकाळी करावे, म्हणजे रात्रीपर्यंत सुकायला अवधी मिळतो. केस वाळवायचे यंत्र कासवावर वापरू नये.

उन्हाचा दुसरा भाग कवचाच्या टणकपणाशी जोडलेला आहे. उन्हातल्या अतिनील ब किरणांमुळे कासवाच्या त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम शरीरात शोषले जात नाही. कॅल्शियम मिळाले नाही तर शरीर ते हाडांतून, म्हणजे कवचातूनच काढून घेते आणि कवच मऊ पडते, वाकडे होते. आता आपल्याकडचे घर बघा. हल्ली प्रत्येक सज्ज्याला सरकत्या काचा बसवलेल्या असतात, त्याच्या आत डासांची जाळी. काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते आणि जाळीही त्यांतला काही भाग अडवते. काचेतून येणाऱ्या उन्हात कासव तासभर बसलेले पाहून आपल्याला समाधान वाटते, पण त्याला ऊब मिळते, ड३ मिळत नाही. उघड्या सज्ज्यात सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास द्यावे, अर्धी जागा सावलीत ठेवावी आणि कोणीतरी तिथे बसून राहावे, कारण कावळे आणि घारी लहान कासव उचलून नेतात. काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवण्याची चूक करू नये, आतले तापमान काही मिनिटांत जीवघेणे होते.

पावसाळ्यात ऊनच नसते, तेव्हा अतिनील किरणांचा खास दिवा घ्यावा लागतो. तो खोक्यावर दिलेल्या अंतरावर, मध्ये काच न ठेवता लावावा, आणि उजेड छान दिसत असला तरी सहा ते बारा महिन्यांत बदलावा, कारण उजेड टिकतो आणि किरण आधी संपतात. कॅल्शियमसाठी मी समुद्रफेन, म्हणजे माकुलाचे पांढरे हाड, स्वच्छ धुऊन उकळून वाळवून टाकीत ठेवतो. कासव त्याला हवे तेव्हा कुरतडते.

बेलापूरवासी, नवी मुंबई
११ जून

माझ्याकडे जमिनीवरचे, सुलकाटा जातीचे कासव आहे आणि या धाग्यातल्या काही गोष्टी त्याला तशाच लागू होत नाहीत, म्हणून लिहीत आहे. जमिनीवरची कासवे स्लायडरसारखे खवले टाकत नाहीत. त्यांचा खवला सुटून आला तर ते दुखणे समजावे. खवल्यांवर जी वर्तुळे दिसतात ती वाढीची असतात, पण वर्तुळे मोजून वय सांगणे भरवशाचे नाही, कारण एका वर्षात एकाहून अधिक वर्तुळे पडू शकतात.

सुलकाटाला मी आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवतो. पाणी हनुवटीखाली राहील इतकेच. त्यात तो पाणी पितो, पोट साफ करतो आणि पायांना, कवचाला लागलेली माती आपोआप सुटते. लहान पिल्लांना हे रोज दिले तरी चालते. ब्रश फक्त वाळलेला चिखल राहिला तर. नंतर टिपून कोरडे करायचे आणि मगच परत माती व नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या थरावर सोडायचे. हा भुसा खालून किंचित दमट आणि वरून कोरडा हवा. पावसाळ्यात तो सगळाच ओला होतो, तेव्हा मी दर चार दिवसांनी वरचा थर बदलतो आणि पोटाकडचे कवच रोज पाहतो.

कवचावर खवल्यांचे उंच सुळके आलेली कासवे अनेकांनी पाहिली असतील. काही जण ते सौंदर्य समजतात आणि काही जण ते घासून सपाट करायला बघतात. पिल्लू असताना फार कोरड्या हवेत वाढल्याने आणि आहार चुकल्याने ते सुळके येतात. एकदा आलेले सुळके जात नाहीत, आणि कानशीने घासणे म्हणजे जिवंत हाड घासणे आहे. पुढची वाढ सपाट व्हावी एवढेच आपल्या हाती असते. त्यासाठी ओलावा, ऊन आणि शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, गवत असा पालेभाज्यांचा आहार द्यावा. पालक फार देऊ नये, आणि कुत्र्याचे खाद्य तर मुळीच नको.

हे कासव घेण्याचा विचार करणाऱ्यांना एक विनंती. पूर्ण वाढलेला सुलकाटा नर ४५ किलोहून जड होऊ शकतो. मी तळमजल्यावर राहतो आणि समोर छोटी बाग आहे, तरीही मला जागा कमी पडते. शिवाय ही जात वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे तिची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते.

घणसोलीचा बाबा, नवी मुंबई
१२ जून

आमच्याकडे वास्तूसाठी म्हणून एका नातेवाइकांनी गेल्या दिवाळीत छोटे कासव दिले आहे. काळ्या कवचावर प्रत्येक खवल्यातून पिवळ्या रेषा चांदणीसारख्या पसरलेल्या आहेत. मुलीने एका कार्यक्रमात त्याच्या पाठीला रंग लावला, तो आता निघत नाही. रॉकेल किंवा थिनर वापरू का?

कोलशेतचा कासववाला, ठाणे
१२ जून

रॉकेल आणि थिनर दोन्ही नको. ते कवचाच्या फटींतून आत जातात आणि त्यांची वाफही कासवाला घातक आहे. पाण्यात मिसळणारा रंग असेल तर कोमट पाण्यात दोन-तीन दिवस थोडा वेळ बसवून मऊ ब्रशने सुटेल. तेलरंग असेल तर तो पशुवैद्यानेच काढावा.

पण साहेब, तुम्ही ज्या खुणा सांगितल्या त्या स्टार कासवाच्या आहेत. ते आपल्या देशातले वन्य प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण आहे, २०२२ च्या सुधारणेनंतर ते पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, आणि २०१९ पासून सायटिसच्या परिशिष्ट १ मध्येही आहे. ते घरात ठेवणे, विकणे, भेट देणे यांतले काहीही कायद्याला मान्य नाही, मग कितीही मायेने ठेवलेले असो. तुम्हाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. देणाऱ्यालाही बहुधा माहीत नसावे. पण ते येऊरच्या जंगलात किंवा एखाद्या बागेत सोडून देऊ नका. स्टार कासव इथल्या ओल्या जंगलातले नाही, आणि माणसाकडे राहिलेल्या प्राण्याबरोबर रोगही जंगलात जाऊ शकतात. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून सविस्तर सांगा आणि त्यांच्या स्वाधीन करा. विहिरीत किंवा तळ्यात सापडणारी मऊ पाठीची देशी कासवेही अशीच संरक्षित आहेत.

स्लायडरची गोष्ट उलटी आहे. ते अमेरिकेतले आहे, आपल्या अनुसूचीतले देशी प्राणी नाही, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. त्यामुळे कंटाळा आला म्हणून मासुंदा किंवा उपवन तलावात सोडणे हा आपल्या तलावांवर अन्याय आहे.

घणसोलीचा बाबा, नवी मुंबई
१५ जून

आपण स्पष्ट सांगितले हे बरे केले. काल फोन केला. वन विभागाची माणसे घरी आली, त्यांनी शांतपणे चौकशी केली आणि कासव घेऊन गेली. मुलगी पुष्कळ रडली. रंग त्यांच्याकडचे पशुवैद्य काढतील असे त्यांनी सांगितले.

कळवा खाडीकाठ, ठाणे
२ जुलै

कूज झालेल्या कवचाचा अनुभव कोणी लिहिलेला नाही, म्हणून लिहिते. गेल्या वर्षी गणपतीच्या धावपळीत आमच्या स्लायडरच्या टाकीचे गाळणयंत्र पंधरा दिवस बंद पडले होते आणि ते माझ्या लक्षात आले नाही. पोटाकडच्या एका खवल्यावर मसुराएवढा पिवळसर खड्डा पडला आणि जवळ नेल्यावर कुजका वास येऊ लागला. मी आधी घरी हळद लावली. हळदीने सगळे कवच पिवळे झाले, खड्डा किती वाढतो आहे तेच दिसेना, आणि त्यात आठवडा गेला.

पशुवैद्यांनी मेलेला भाग काढून टाकला, प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली आणि पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावायला सांगितले. दिवसातला बराच काळ तिला कोरडे ठेवायचे आणि खाण्यापिण्यापुरते पाण्यात सोडायचे, असा क्रम दीड महिना चालला. हे कोरडे ठेवणे किती तास हे प्रत्येक कासवाच्या जखमेवर ठरते, त्यामुळे माझे वेळापत्रक कोणी उचलू नये. खड्डा भरत आला तरी त्याची खूण अजून आहे. कवच भरायला महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले म्हणून मी धीर धरू शकले.

आणि कवच तडकले तर काय, हेही त्यांनीच सांगितले होते. सलाइनने हलके धुवावे, स्वच्छ जाळीदार पट्टीने झाकावे, कोरड्या खोक्यात ठेवावे आणि लगेच निघावे. घरातला गोंद किंवा पुट्टी भरू नये, कारण त्याखाली जंतू कोंडले जातात.

ऐरोलीची आई, नवी मुंबई
३ जुलै

एक राहून गेलेली गोष्ट. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, कासव ठणठणीत असले तरीही. अमेरिकेत मुलांना होणाऱ्या संसर्गामुळे १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी आहे. म्हणून कासव स्वयंपाकघरातल्या मोरीत कधी धुऊ नये, टबातले पाणी शौचकूपात ओतावे, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. साबण लागतो तो इथे. पाच वर्षांखालच्या मुलांना धुण्याच्या कामात घेऊ नये.

घोडबंदरकर (धागाकर्ती), ठाणे
१७ ऑगस्ट

सव्वादोन महिन्यांनी लिहीत आहे. तेल आणि चकाकीची बाटली त्याच दिवशी बंद केली. सासूबाईंना खवल्यांची आणि नखांची तुलना सांगितली, ती त्यांना पटली, आणि आता पाणी कोमट झाले का हे त्याच मनगटावर घेऊन पाहतात. ब्रश या काळात दोनदाच वापरला. टाकीत निम्मे गाळलेले पाणी घालतो. ओट्यावर दिवा लावल्यापासून ठमी दुपारी मागचे पाय लांब करून, डोळे मिटून तिथे बसते. आधी ती ओट्यावर चढतच नसे.

चंदेरी दिसणारे ते दोन खवले जुलैच्या अखेरीस एका सकाळी पाण्यावर तरंगताना सापडले. खालचे नवे खवले गर्द हिरवे आहेत आणि त्यांवर पिवळ्या रेषा अगदी स्पष्ट आहेत. क्षारांचे डाग पुढच्या भागावर अजून थोडे आहेत, ते तसेच राहू दिले आहेत. सुटलेले दोन खवले मुलाने साबणाने धुऊन, वाळवून वहीत चिकटवले आणि त्याखाली तारीख लिहिली आहे.